कर्ज साऱ्यांचे, कपात कोणाची?

राज्य कर्जात बुडाले अशी हाकाटी उठली की, सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते: अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हण चांगली आहे. पण राज्यकारभाराला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पाऊस रुसला तर शिरपूरचा शेतकरी दुबार पेरणीसाठी कर्ज काढतो. त्याला आम्ही उधळ्या म्हणत नाही. १९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा देशाने सोने गहाण ठेवून आपली पत राखली. संकटात कर्ज काढणे हे पाप नव्हे.

आमचा आक्षेप निराळा आहे. कर्ज साऱ्यांच्या नावे निघते; काटकसर मात्र कोणाच्या ताटातून होते?

४ मे २०२० रोजी, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्र शासनाने विकास योजनांना त्या वर्षी तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी मिळेल असे ठरविले. तेव्हा संकट खरे होते, हे आम्ही मानतो. परंतु २०२५ साली कोणती साथ होती? त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज मांडला गेला. आणि मे महिन्यात 'लाडकी बहीण' योजनेच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळविले गेले. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाखही त्याच वाटेने गेले.

समर्थन असे की, लाभार्थींत आदिवासी भगिनीही आहेत. आहेतच, आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पावरा व भिल्ल भगिनींना दीड हजार रुपयांचे मोल आम्हांहून अधिक कळते. पण बहिणीला ओवाळणी घालावी ती भावाने स्वतःच्या खिशातून. तिच्या लेकराच्या आश्रमशाळेचे पैसे काढून नव्हे! सर्व भगिनींची योजना सर्वांच्या करातून चालावी.

कर्जापायी गेलेली वडिलोपार्जित जमीन पन्नासाव्या वर्षी कुटुंबाला परत द्यावी, असा ज्युबिलीचा दंडक लेवीय ग्रंथात आहे. हिशेब कितीही खरा असो, त्याने दुर्बळाला मुळासकट उपटू नये, हे त्याचे मर्म होय.

आंध्र प्रदेशाने २०१३ साली अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. महाराष्ट्रानेही ते घालावे. वाचकहो, मते मागावयास जे दारी येतील, त्यांना राज्याचे कर्ज किती, एवढेच विचारून थांबू नका. ते फेडताना पहिली कात्री कोठे लावणार, हेही विचारा.