आरोग्यचिंतन : वेदना एक, उगम दोन

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे नाव मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. तथापि याच गावी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही आहे. २००३ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. सांधेदुखीविषयी लिहिताना मेंदूचे स्मरण कशासाठी, असे आपण विचाराल. दुखते ते बोट. परंतु ते दुखणे जाणवते मेंदूला, हे त्याचे उत्तर.

समजा, नोकरीनिमित्त अशा गावी येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबातील गृहिणीला आमवात जडला आहे. सकाळी बोटे आखडतात, कणीक मळवत नाही. औषधाने काही महिन्यांत सूज ओसरते. पण अंग ठणकणे थांबत नाही, झोप लागत नाही, थकवा सरत नाही. घरातील एक जण म्हणतो, ‘औषध वाढवून घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘हे मनाचे खेळ आहेत.’ वाचकहो, दोन्ही निष्कर्ष घाईचे होत.

आमवातात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. वेळीच आवर न घातल्यास हाड झिजते आणि आलेले व्यंग पुन्हा भरून येत नाही. फायब्रोमायाल्जिया या विकारात सांधा शाबूत असतो. वेदनेचा निरोप वाहणारी मज्जासंस्था मात्र अतिसंवेदनशील होते. आमवाताच्या सुमारे पाच रुग्णांपैकी एकास हा दुसरा विकारही असतो.

येथेच डॉक्टरांची कसोटी लागते. आमवाताचा जोर मोजताना ते २८ सांधे तपासतात. किती दुखरे, किती सुजलेले, रक्ताच्या तपासणीत दाह किती आणि रुग्णाला स्वतःला कसे वाटते, या चार गोष्टींवरून आकडा निघतो. फायब्रोमायाल्जियात पहिली व शेवटची गोष्ट वाढते आणि दाह नसतानाही आकडा फुगतो. म्हणून कुशल वैद्य केवळ बेरीज पाहत नाही, सुजलेले सांधे वेगळे मोजतो. शंका उरल्यास सांध्याची सोनोग्राफी करवितो.

सूज असेल तर आमवाताचे औषध वाढविणे वा बदलणे इष्ट. मेथोट्रेक्सेट हे त्यातील मुख्य. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. गरोदरपणी ते वर्ज्य आहे. त्याने भागले नाही तर जैविक औषधांचा विचार होतो; पण ती प्रतिकारशक्ती मंदावतात, म्हणून आधी क्षयरोगाची तपासणी करतात.

सूज नसेल तर हीच औषधे वाढविण्यात खर्च आणि अपाय दोन्ही पदरी पडतात. तेथे रोज थोडे चालणे व ते हळूहळू वाढविणे, झोपेची शिस्त आणि काहींना ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन अथवा प्रिगॅबलिन उपयोगी पडते. यांतील पहिली दोन उदासीनतेवरही देतात. म्हणून ‘डॉक्टरांनी मला वेडी ठरविले’ असे मानू नये. वेदनेच्या वाटेवरही ती काम करतात. स्टेरॉइड मात्र या विकाराला लागू पडत नाही. वेदनाशामक गोळ्या मनानेच महिनोन् महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड दुखावतात.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी झाली. सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडे, सांधे वा स्नायूंची दुखणी आढळली. आमवात मात्र शंभरांत अर्ध्या जणालाच. प्रत्येक दुखणे म्हणजे आमवात नव्हे, हेच यातून दिसते.

तेव्हा पुढच्या भेटीस जाताना एक वही न्यावी. कोणता सांधा सुजला, कोठे नुसते दुखले, झोप किती लागली, एवढे तीत लिहावे. डॉक्टरांना विचारावे, ‘ही वेदना सुजेची की मज्जांची?’ आणि घरच्या माणसांनी एक ध्यानात ठेवावे : सूज दिसत नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. कणकेची परात त्या दिवशी दुसऱ्या कोणी पुढे ओढली, तर तोही उपचाराचाच एक भाग होय.