त्र्यंबकेश्वर लिहून दाखव!

रविवार सकाळ. गंगापूर रोडवरचं मिसळीचं दुकान, बाहेर वेटिंगवाल्यांची गर्दी आणि आम्ही चौघं एका टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेलो. रस्सा कीबोर्डवर सांडू नये म्हणून एकाने त्यावर चक्क पेपर पसरलाय. सगळ्यांचे चेहरे पडलेले. कारण? आमच्या बावीस स्क्रीन गायब झाल्यात!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी एक छोटंसं मोबाइल अ‍ॅप करायचं आमच्या डोक्यात आलं. घाट कुठे, पिण्याचं पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, माणूस हरवला तर चौकशी कुठे करायची, बस्स एवढंच. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आणि कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. नाशिकला हा नाद नवा नाही. एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर मूळचे इथलेच. २०१५ च्या सिंहस्थाआधी त्यांच्या पुढाकाराने जे कुंभथॉन झालं, त्यात इथल्या पोरापोरींनी गर्दीपासून आरोग्यापर्यंतच्या प्रश्नांवर डोकं लढवलं होतं. आम्ही त्यामानाने अगदीच वीकेंडवाले.

आमच्यातली डिझायनर मैत्रीण पुण्यात नोकरी करते. तिने दोन महिने रात्री जागून मॉकअप केले. मॉकअप म्हणजे काय? लग्नाची पत्रिका छापायला देण्याआधी आपण प्रूफ बघतो ना, तसंच. बटण कुठे, नकाशा केवढा, काय दाबल्यावर काय उघडणार, हे कोड लिहिण्याआधी चित्रात बघून घ्यायचं. काकांचं नाव चुकलं तर प्रूफमध्येच खोडता येतं, पाचशे पत्रिका छापून झाल्यावर नाही!

तर तिने हे सगळं ऑफिसच्या अकाउंटवरून केलं. नोकरी बदलली, शेवटच्या दिवशी संध्याकाळी अकाउंट बंद झालं आणि स्क्रीनही गेल्या. उरले ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले स्क्रीनशॉट. बिचारी रडायच्या बेतात. टूलचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. तिचाही नव्हता. फाइल कुणाच्या घरात राहतेय, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

खरा चटका नंतर बसला. नागपूरच्या एका मुलाने, ज्याला आम्ही कधी पाहिलंही नाही, मेल टाकला होता, ‘मूळ फाइल पाठवा, उन्हात दिसतील असे रंग करून देतो.’ आम्ही काय पाठवणार? जेपीजी पाठवलं. तो पुन्हा फिरकलाच नाही. कसा फिरकेल? जीपीएल या प्रसिद्ध लायसन्समध्ये ‘सोर्स’ची व्याख्या फार सुंदर आहे : ज्या रूपात बदल करणं सोयीचं, ते रूप म्हणजे सोर्स. या हिशेबाने जेपीजी सोर्स नाहीच, तो नुसता फोटो. आमचा कोड ओपन होता आणि डिझाइन कुलपात!

असे दणके भल्याभल्यांना बसलेत. लिनक्स कर्नलची मंडळी २००२ पासून कोड सांभाळायला बिटकीपर नावाचं टूल वापरत. ते ओपन सोर्स नव्हतं, पण त्यांना फुकट मिळायचं. काहींनी तेव्हाच कुरकुर केली होती. २००५ मध्ये ती फुकट सोय बंद झाली आणि लिनस टोरवाल्ड्सला स्वतः बसून गिट लिहावं लागलं. जग आज गिट वापरतं, ते या भांडणामुळे. पण आपल्यात टोरवाल्ड्स कुठून आणायचा? डिझाइनच्या दुनियेतलं उदाहरण हवं तर इनव्हिजन घ्या. एकेकाळी डिझायनर लोकांचं लाडकं टूल, ३१ डिसेंबर २०२४ ला बंद.

म्हणून टूल निवडताना आमचा फंडा आता एकच आहे : मी उद्या प्रोजेक्ट सोडला, तर माझी फाइल दुसऱ्याला पैसे न मोजता, परवानगी न मागता उघडता येईल का? बदलता येईल का?

खोटं कशाला बोलू, फिग्मा वापरायला जाम मस्त आहे. सगळे मिळून एकाच वेळी काम करा, सगळं कसं लोण्यासारखं. नोकरीत तेच वापरा, अजिबात टेन्शन घेऊ नका. पण मालक कंपनीच. २०२२ मध्ये अडोबीने ते २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा अनेक डिझायनर धास्तावले होते. डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा बारगळला, हा भाग वेगळा. बाल्सामिकचं मला एक आवडतं. ते २००८ मध्ये आलं आणि त्यातल्या स्क्रीन मुद्दाम हाताने रेखाटल्यासारख्या दिसतात. चित्र कच्चं दिसलं की लोक मोकळेपणी चुका काढतात, चकचकीत दिसलं की ‘छान आहे’ म्हणून गप्प बसतात. पण तेही ओपन सोर्स नाही. हाच कच्चा लूक एक्सकॅलिड्रॉमध्ये मिळतो, ते ओपन सोर्स आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. पेन्सिल जुनं आणि भलं, पण नव्या आवृत्त्या क्वचितच येतात.

आम्ही शेवटी पेनपॉट घेतलं. स्पेनमधल्या कंपनीचं, पूर्ण ओपन सोर्स. ब्राउझरमध्ये चालतं आणि मनात आलं तर स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. फिग्माइतकं गुळगुळीत? नाही. पण फाइल डाउनलोड करून कोडच्या शेजारी ठेवता येते, ती उद्या कुणीही उघडू शकतो. आयकॉनसाठी इंकस्केप, २००३ पासून टिकून आहे.

आता एक खास मराठी परीक्षा. कुठलंही टूल घेतलं की आधी त्यात ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून बघा. जोडाक्षर सुटलं, रकार भलतीकडे गेला, अनुस्वार कापला गेला, की ते टूल आपल्या कामाचं नाही. पूर्वी फोटोशॉपमध्ये देवनागरी टाइप करताना काय व्हायचं, हे ज्यांनी फ्लेक्स डिझाइन केलेत त्यांना विचारा! आणि मॉकअपमध्ये इंग्रजी मजकूर भरून ‘मराठी नंतर टाकू’ असं तर अजिबात करू नका. ‘टॉयलेट’साठी काढलेल्या बटणात ‘स्वच्छतागृह’ मावत नाही. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. आम्ही मुक्त हा फॉन्ट घेतला, मुंबईच्या एक टाइपचा, तोही ओपन सोर्स.

बावीसऐवजी सहाच स्क्रीन पुन्हा केल्या. कागदावर छापल्या आणि रामकुंडावर घेऊन गेलो. फुलं विकणाऱ्या एका मावशींच्या हातात कागद दिला, म्हटलं पाणी प्यायचंय, कुठे दाबाल? त्यांनी थेंबाच्या चित्रावर बोट ठेवलं, मग थबकल्या. ‘दादा, हे पाणी प्यायचं का आंघोळीचं?’

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दोन महिन्यांत आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं! आता तिथे नळ आणि पेला आहे, खाली ‘पिण्याचं पाणी’ असं स्पष्ट लिहिलंय. अर्ध्या तासाचं काम, कारण फाइल हातात होती.

तीच फाइल नागपूरच्या त्या मुलालाही पाठवली आहे, सोबत सॉरी म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही.