स्कॅन निर्दोष, पण मूल बरे झाले का?

कबड्डीच्या मैदानावर आदळलेले, जिन्यावरून कोसळलेले किंवा दुचाकीवरून फेकले गेलेले मूल घेऊन पालक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत धावतात, तेव्हा बहुधा दोनपैकी एक टोक गाठले जाते. एक तर पालकांच्या समाधानासाठी तातडीने सीटी स्कॅन काढला जातो, नाही तर 'मुका मार आहे, घरी न्या' असे सांगून बोळवण होते. मुलाच्या हिताचा मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे.

मेंदूला हादरा बसतो तेव्हा कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो आणि त्याचे कार्य काही काळ विस्कळीत होते. शुद्ध हरपतेच असे नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळलेपण, चिडचिड, झोपेतील बदल ही त्याची लक्षणे. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा कवटीचा भंग दाखवतो. हादरा दाखवत नाही. म्हणूनच निर्दोष स्कॅन म्हणजे निरोगी मूल हे समीकरण चुकीचे आहे.

सरसकट स्कॅन काढणेही निर्धोक नाही. वाढत्या वयातील पेशींना किरणोत्सर्गाचा धोका अधिक असतो. या संदर्भात 'पीकार्न' या संशोधकगटाने २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मार्गदर्शक ठरतो. उत्तर अमेरिकेतील २५ तातडी विभागांत आलेल्या ४२,४१२ मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांचा स्कॅन काढला गेला; मेंदूला गंभीर इजा मात्र एक टक्क्याहूनही कमी मुलांना झालेली आढळली. बदललेली शुद्धी, कवटीच्या भंगाच्या खुणा, उलट्या, तीव्र डोकेदुखी, अपघाताची तीव्रता. दोन वर्षांखालील बाळांत कपाळ सोडून अन्यत्र आलेले टेंगूळ, 'बाळ नेहमीसारखे वागत नाही' हे आईचे निरीक्षण, अशा मोजक्या निकषांवर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. मधल्या गटातील अनेक मुलांना काही तास निरीक्षणाखाली ठेवणे पुरेसे असते. यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. एक खाट, एक जागरूक परिचारिका आणि भिंतीवर लावलेला निकषांचा तक्ता लागतो.

खरी उपेक्षा होते ती घरी पाठवताना. कॅनडातील नऊ बालरुग्णालयांच्या तातडी विभागांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ तीनपैकी एका मुलाची लक्षणे महिन्याभरानंतरही टिकून होती. असे मूल वर्गात लक्ष देऊ शकत नाही आणि 'अभ्यास टाळतो' म्हणून बोलणी खाते. पूर्वी अशा मुलाला दीर्घकाळ अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती सांगितली जाई. आता पहिले एक-दोन दिवस माफक विश्रांती व पडद्यापासून दूर राहणे आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने शाळा, मग खेळ, असा क्रम मान्य झाला आहे. त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरणे मात्र सर्वथा वर्ज्य. २०१३ मध्ये रग्बी खेळताना लागोपाठ झालेल्या आघातांनी १७ वर्षांच्या रोवन स्ट्रिंगरचा मृत्यू झाला. त्यानंतर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला.

महाराष्ट्राने कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्हा व ग्रामीण रुग्णालयाने डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या पालकांच्या हाती सोप्या मराठीतील एक छापील पत्रक द्यावे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, जागे करणे कठीण होणे, हातापायांतील अशक्तपणा यांपैकी काही दिसल्यास तत्काळ परत यावे, हे त्यात ठळक असावे. शाळेसाठी सूचना आणि पुन्हा तपासणीची तारीखही त्यातच असावी. क्रीडाशिक्षक आणि मैदानावर मुलांना खेळवणारे कार्यकर्ते यांनी 'उठ, काही झाले नाही' हे वाक्य विसरावे. संशय आला की मुलाला बाजूला बसवणे, यात भित्रेपणा नाही.

सोसण्याची सवय हा गुण खरा. पण मेंदूला लागलेला मार सोसायला लावणे हे संस्कार नव्हेत, ती हयगय आहे. उद्याची पिढी बलवान हवी असेल, तर तिच्या मस्तकाची काळजी आज घेतली पाहिजे.