चांदीच्या विटांचे तारण

हरिहरेश्वर म्हटले की आपल्याला काळभैरवाचे देऊळ आठवते, डोंगराला वळसा घालून समुद्राकाठाने जाणारी प्रदक्षिणेची वाट आठवते आणि सावित्रीच्या मुखापलीकडचे बाणकोट आठवते. अशा या देवदर्शनाच्या गावाचे नाव 2022 च्या ऑगस्टमध्ये भलत्याच कारणाने देशभर गाजले. दहीहंडीच्या आदल्या दिवशी, 18 तारखेला, येथे 'लेडी हान' नावाची बेवारस नौका येऊन लागली. आत माणूस नव्हता; एके-47 जातीच्या तीन रायफली मात्र होत्या. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या नौकेचे इंजिन जूनमध्ये भर समुद्रात बंद पडले, खलाशांना वाचवण्यात आले आणि रिकामी नौका वाहत वाहत इकडे आली, असा खुलासा सरकारने केला. पुढच्याच वर्षी श्रीवर्धन आणि दापोली तालुक्यांच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली.

दोन्ही वेळा धावपळ झाली आणि ती योग्यच होती. पण समुद्राने आपणहून आणून टाकलेल्या मालाची मला फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती माणसांनी पैसे घेऊन उतरवून दिलेल्या मालाची. त्याचा धडा याच तालुक्यात, इथून जवळच गिरवला गेला आहे.

1993 च्या जानेवारीत दिघीला शस्त्रे उतरली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात श्रीवर्धनहून दिवेआगरकडे जाताना लागणाऱ्या शेखाडीला टायगर मेमनचा शस्त्रे आणि आरडीएक्सचा माल उतरला. 12 मार्चला मुंबईत स्फोटांची मालिका झाली आणि 257 माणसे प्राणास मुकली. हे सारे आपण जाणतो. मात्र खटल्याच्या कागदपत्रांत एक बारीकशी हकिगत आहे. मी बँकेत नोकरी केलेला माणूस असल्यामुळे ती माझ्या मनातून जात नाही.

दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी रात्री गोंडघर फाट्यावर अडवल्या. म्हणजे नाकाबंदी होती, पोलिस जागे होते आणि माल हाती लागला होता. मग घासाघीस झाली. आकडा ठरला, पण तेवढी रोकड तस्करांजवळ नव्हती. तेव्हा चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या सोडण्यात आल्या. लाच उधारीवर, आणि उधारीला तारण! कर्जदाराची पत पाहून बँक जसे कर्ज देते, तसा हा चोख व्यवहार. असा व्यवहार पहिल्याच भेटीत होत नसतो. त्यामागे वर्षानुवर्षांची ओळख आणि परस्परांवरचा विश्वास असावा लागतो.

तो विश्वास कसा तयार झाला होता? सोन्याचांदीवर कडक निर्बंध असलेल्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर 'लँडिंग' हा एक जोडधंदाच होऊन बसला होता. होडीवाला, हमाल, ट्रकवाला, कस्टमचा शिपाई, साहेब, ज्याच्या त्याच्या वाट्याचे पाकीट ठरलेले. यात कुणाचे काय बिघडते, सरकारचा थोडा कर बुडतो इतकेच, असा समज होता. पुढे कोर्टात अनेकांचा बचावही हाच होता : आम्हाला वाटले, नेहमीसारखी चांदी असेल. हा बचाव खरा मानला तर तो अधिकच भयंकर आहे. एकदा रस्ता विकला, की त्यावरून काय जाते हे विचारण्याचा हक्क विकणाऱ्याकडे उरत नाही. आज चांदी, उद्या चरस, परवा आरडीएक्स. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर पीक कोणते, याला काय महत्त्व?

हीच गोष्ट मोठ्या पडद्यावर पाहायची असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊकडे पाहावे. दक्षिण अमेरिकेतले कोकेन युरोपात नेणाऱ्यांना हा चिमुकला, गरीब देश सोयीचा थांबा वाटला. तिथे फाट्यावरचा फौजदार विकत घेण्याची गरज पडली नाही. थेट नौदलाचा माजी प्रमुख, बुबो ना चुतो, दलालीला तयार झाला. त्याचा भाव होता हजार किलो कोकेनमागे दहा लाख डॉलर. 2012 मध्ये तिथे लष्करी बंड झाले होते. सरकार दुबळे झाले आहे, तेव्हा व्यवहाराला हीच वेळ चांगली, असे तो म्हणाल्याचे अमेरिकी आरोपपत्रात नोंदले आहे. समोर बसलेले गिऱ्हाईक अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने पेरलेले होते, म्हणून 2013 मध्ये तो समुद्रात पकडला गेला. न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि 2016 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. लष्करप्रमुख अंतोनियो इंजाई याच्यावरही तिथे आरोप ठेवले गेले. अटक मात्र झाली नाही. 2021 मध्ये अमेरिकेने त्याच्यावर पन्नास लाख डॉलरचे इनाम लावले. आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये बिसाऊच्या विमानतळावर एका विमानात अडीच टनांहून अधिक कोकेन सापडले. माणूस आत गेला, वाट तशीच राहिली.

आपण काही गिनी-बिसाऊ नव्हे, असे म्हणून सुस्कारा टाकण्यापूर्वी वोहरा समितीचा अहवाल आठवावा. स्फोटांनंतर चार महिन्यांत ही समिती नेमली गेली. गुन्हेगारी टोळ्या, सरकारी यंत्रणा आणि राजकारणी यांचे साटेलोटे तिने नोंदवले. मुंबईचा अमली पदार्थांचा व्यापारी इक्बाल मिर्ची याचे उदाहरण त्यात आहे. जहाजांवरून दारू-सिगारेटी आणून विकणारा हा माणूस चार-दोन वर्षांत कोट्यवधींच्या मिळकतींचा आणि अनेक बँक खात्यांचा धनी झाला. वेळीच कारवाई झाली नाही, आणि नंतर त्याला लाभलेल्या वरदहस्तामुळे ती अवघड झाली असावी, असा त्या नोंदीचा आशय आहे. हा वरदहस्त कोणाकोणाचा, ते मात्र जनतेला कळले नाही. अहवाल 1995 मध्ये संसदेत ठेवला गेला तो परिशिष्टांवाचून. मिर्ची 2013 मध्ये लंडनमध्ये मरण पावला. त्याला इकडे आणता आले नाही. 2019 मध्ये सक्तवसुली संचालनालय त्याच्या वरळीतल्या मिळकतींच्या मागे लागले, तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षे झाली होती.

अनेक बँक खाती हे शब्द मला बोचतात. खाते आपोआप उघडत नाही. कुणीतरी ओळखीची सही करतो, कुणीतरी नोटा मोजून घेतो. त्या काळी ठेवींचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत, पिशवी घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्ची मिळे, मग चहा. प्रश्न मिळत नसे. आता काळ्या पैशाच्या धुलाईविरुद्धचा 2002 चा कायदा आहे, दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती सरकारकडे जाते. सुधारणा झाली खरी. पण कायदा कागद तपासतो, आणि कागद तर नेहमीच चोख असतात.

1993 च्या खटल्यात कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना 2007 मध्ये जन्मठेप झाली. कस्टमचे इतर अधिकारी, श्रीवर्धनचा फौजदार, शिपाई हेही दोषी ठरले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला, तोवर वीस वर्षे लोटली होती. टायगर मेमन मात्र कोर्टासमोर आलाच नाही. हमाल आणि शिपाई सापडतात, कारण ते गावातच राहतात. पैशाला गाव नसते.

म्हणून गाव असलेल्या माणसांवरच जबाबदारी येते. आपल्या शेजारी, नात्यात, आळीत कुणाचे घर एकाएकी दुमजली झाले, तर आपण वास्तुशांतीचे जेवण जेवून येतो आणि कर्तबगार मुलगा निघाला, असे कौतुक करतो. उत्सवाला त्याची वर्गणी सर्वांत मोठी असते, म्हणून पहिला नारळही त्याचाच. पुढे निवडणुकीत तोच हात जोडून उभा राहतो. हा पैसा आला कुठून, एवढा साधा प्रश्न आपण संकोचापोटी गिळतो. फौजदाराने विटा तारण म्हणून घेतल्या. आपण तर तारणही न घेता आपली पत त्याच्या नावे करून देतो.