विश्लेषण : प्रयोगशाळेतला हिरा खरेच ‘हिरवा’ आहे का?

जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अमेरिका दौऱ्यात जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला. तो खाणीतला नव्हता, प्रयोगशाळेत घडवलेला होता. तो घडवताना सौर आणि पवनऊर्जा वापरल्याचेही आवर्जून सांगितले गेले. ‘लॅब-ग्रोन’ म्हणजे पर्यावरणस्नेही, हे समीकरण सराफी जाहिरातींत आधीपासून होतेच. या भेटीने ते आणखी पक्के झाले. खाण कंपन्या मात्र नेमके उलटे सांगतात. त्यांच्या मते प्रयोगशाळेतला हिराच जास्त कार्बन सोडतो. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे तेवढेच बोलतात. प्रयोगशाळेतला हिरा किती स्वच्छ, हे तो घडवणाऱ्या विजेवर ठरते. खाणीतल्या हिऱ्याचे नुकसान मात्र निव्वळ कार्बनच्या किलोंत मोजताच येत नाही.

दोन्ही हिऱ्यांत फरक काय?

रसायनशास्त्राच्या दृष्टीने काहीही नाही. दोन्ही शुद्ध कार्बनचे स्फटिक. नैसर्गिक हिरा जमिनीखाली सुमारे दीडशे किलोमीटर खोलीवर अब्जावधी वर्षांपूर्वी तयार झाला आणि ज्वालामुखीच्या उद्रेकातून किंबरलाइट नावाच्या खडकाबरोबर वर आला. प्रयोगशाळेत हेच काम काही आठवड्यांत होते. एका पद्धतीत (एचपीएचटी) कार्बनवर वातावरणाच्या ५० ते ६० हजार पट दाब आणि १३०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमान दिले जाते. जनरल इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये जाहीर केलेला मानवनिर्मित हिरा याच मार्गाने घडला होता. दुसऱ्या पद्धतीत (सीव्हीडी) हिऱ्याच्या पातळ चकतीवर, म्हणजे ‘सीड’वर, मिथेन आणि हायड्रोजनच्या तप्त प्लाझ्मातून कार्बनचे थर चढवले जातात. चीनमध्ये, विशेषतः हेनान प्रांतात, पहिली पद्धत चालते. सुरतमध्ये मुख्यतः दुसरी.

खाणीचे ओझे नेमके कशाचे?

मध्य प्रदेशातील पन्नाजवळची मझगवाँ खाण ही देशातील एकमेव यांत्रिक हिरे खाण, सरकारी एनएमडीसीची. तिथे १०० टन खडक फोडला की साधारण १० कॅरट हिरे मिळतात. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. म्हणजे १०० टनांतून दोन ग्रॅम! जगातील चांगल्या खाणींत हे प्रमाण बरेच जास्त असते, तरी हिऱ्याच्या वजनापेक्षा उकरलेल्या दगडाचे वजन लाखो पटींनी मोठेच राहते. मझगवाँची खाण पन्ना व्याघ्र प्रकल्पालगतच्या गंगऊ अभयारण्याच्या हद्दीत आहे, हे वेगळेच.

तिथून जवळच, छतरपूर जिल्ह्यातील बक्सवाहाच्या जंगलाखाली सुमारे ३ कोटी ४० लाख कॅरट हिरे असल्याचा अंदाज आहे. रिओ टिंटोने हा प्रकल्प सोडल्यानंतर २०१९ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीने लिलावात तो मिळवला. त्यासाठी ३६४ हेक्टर वनजमीन आणि २ लाख १५ हजारांहून अधिक झाडे जाणार, हे समजल्यावर २०२१ मध्ये मोठा विरोध झाला. बुंदेलखंड हा कायमचा पाणीटंचाईचा प्रदेश. तिथल्या गावांचा मोहफुले आणि तेंदूपत्त्यावर चालणारा हंगाम, जंगलाने धरून ठेवलेले पाणी, यांची किंमत ‘प्रति कॅरट इतके किलो कार्बन’ या मापात बसत नाही. रशियातील याकुतियामधला मीर खाणीचा खड्डा सुमारे ५२५ मीटर खोल आणि १२०० मीटर रुंद आहे. तिथले उघडे खोदकाम २००१ मध्ये थांबले. खड्डा अजून तसाच आहे.

सगळ्या खाणी सारख्या मात्र नाहीत. कॅनडाच्या उत्तरेकडील डायव्हिक खाणीला डिझेल हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरच्या बर्फाच्या रस्त्याने न्यावे लागते. त्या कंपनीने २०१२ मध्ये चार पवनचक्क्या उभारल्या आणि डिझेलची बचत केली. उलट, हिऱ्यांवरच अर्थव्यवस्था उभी असलेल्या बोत्सवानात वीज प्रामुख्याने कोळशाची आहे. ‘खाणीतला हिरा’ असा एकच शिक्का मारणे त्यामुळे चुकीचे ठरते.

मग प्रयोगशाळा स्वच्छ का नाही?

तिथे डोंगर फोडावा लागत नाही, जंगल तोडावे लागत नाही. हा मोठा फायदा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण तिथला मुख्य कच्चा माल मिथेनपेक्षा वीज हा आहे. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशातून येते. ग्रिडमधले एक युनिट वापरले की सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. समजा, एका कॅरटला १०० युनिट लागले, तर ७० किलो. तोच हिरा जलविद्युतवर घडला, तर हा आकडा शून्याच्या जवळ येतो. अमेरिकेतील डायमंड फाउंड्री या कंपनीने वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीवरील जलविद्युत मिळते तिथे, कारखाना टाकला तो उगाच नव्हे. हिरा तोच, यंत्र तेच, पद्धत तीच. फरक फक्त तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याचा.

गुजरातमधील अनेक उत्पादक आता सौरऊर्जेचा दाखला देतात. त्यात तथ्य आहे, पण एक मेख आहे. सीव्हीडीचे यंत्र दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालते. वीज मध्येच खंडित झाली तर स्फटिकाच्या थरात दोष राहतो. सूर्य मात्र संध्याकाळी मावळतो. दिवसा जास्तीची सौर वीज ग्रिडला द्यायची, रात्री ग्रिडमधली घ्यायची आणि वर्षअखेरीस हिशेब जुळवायचा, अशी ही व्यवस्था असते. कागदावर तो हिरा १०० टक्के सौर ठरतो. रात्रीचे थर मात्र बहुतांश कोळशाच्या विजेवर चढलेले असतात. ही फसवणूक म्हणता येणार नाही. ‘शून्य कार्बन’ही म्हणता येणार नाही.

आकडे इतके परस्परविरोधी का?

ट्रुकॉस्ट या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार, पैलू पाडलेल्या एका कॅरटमागे खाणीतला हिरा १६० किलो, तर प्रयोगशाळेतला ५११ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण हा अहवाल मोठ्या खाण कंपन्यांच्या संघटनेने करवून घेतला होता. २०१४ मधला फ्रॉस्ट अँड सुलिव्हनचा अहवाल खाणीतल्या हिऱ्याला ५७ किलोच्या आसपास धरतो आणि प्रयोगशाळेतल्याला जवळजवळ काहीच नाही. खाणीतल्या हिऱ्याच्या एकाच मोजमापात जवळपास तिप्पट फरक! एक अहवाल कच्च्या हिऱ्याचा, दुसरा पैलू पाडलेल्याचा. पैलू पाडताना बहुतेकदा निम्म्याहून जास्त वजन जाते, त्यामुळे ‘प्रति कॅरट’ हा शब्दच दोन्हीकडे वेगळा अर्थ घेऊन येतो. शिवाय वीज कुठली धरली, यावर प्रयोगशाळेचा आकडा रबरासारखा ताणता येतो. जाहिरातीत यातले काही सांगितले जात नाही, फक्त सोयीचा आकडा दिला जातो.

किंमत पडल्याने काय बदलले?

डी बियर्सने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ ही प्रयोगशाळेतील हिऱ्यांची श्रेणी कॅरटला ८०० डॉलरने आणली. २०२४ मध्ये तो दर ५०० डॉलरवर आला आणि २०२५ मध्ये ही श्रेणीच बंद करण्याची घोषणा झाली. ग्राहकाला स्वस्ताई हवीच असते. पण जो अर्ध्या कॅरटची अंगठी घेणार होता तो त्याच पैशात दोन कॅरटची घेतो, तेव्हा प्रति कॅरट झालेली बचत एकूण वजनात विरून जाते. आणि अंगठीतल्या सोन्याचा हिशेब तर या वादात कुणी काढतच नाही.

याच्या तुलनेत जुना हिरा पुन्हा वापरणे फार हलके पडते. हिरा झिजत नाही. आजीच्या कुड्यांतले हिरे नव्या कोंदणात बसवायला ना खाण लागते ना प्लाझ्मा.

नियम काय म्हणतात?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१९ मध्ये आठ दागिने विक्रेत्यांना पत्रे पाठवून ‘इको-फ्रेंडली’सारख्या मोघम दाव्यांबाबत इशारा दिला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे आणली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द वापरायचे तर पुरावा द्यावा लागतो. मुंबईतील वा पुण्यातील पेढीच्या फलकालाही हे लागू आहे. ग्राहकाने ‘कोणत्या विजेवर घडला?’ एवढे विचारले, तरी बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. हिऱ्यासोबतच्या प्रमाणपत्रावर कॅरट, रंग, शुद्धता, कट असते. सीव्हीडी की एचपीएचटी तेही असते. विजेचा रकाना नसतो.

तो घालणे अवघड नाही, कारण प्रत्येक कारखान्याला मीटर आहे आणि दरमहा बिल येते. सरकारला तर अधिकारही आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील हिऱ्यांच्या ‘सीड’वरील सीमाशुल्क रद्द झाले आणि संशोधनासाठी आयआयटी मद्रासला पाच वर्षांत २४२ कोटी रुपये मंजूर झाले. सवलत आणि पैसा जनतेचा आहे. त्याच्या बदल्यात प्रत्येक उत्पादकाने कॅरटमागे किती युनिट खर्च झाले आणि ते कुठून आले, हे दरवर्षी जाहीर करावे, अशी अट वाणिज्य मंत्रालयाला घालता येईल. तशी अट घालावी.