मोजमाप कशाचे आणि कोणासाठी?

नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार आदिवासी आहे आणि भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची मोहीम आरंभिली. २०४७ ही मुदत ठरविली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट. तपासणी होते, कार्ड हाती पडते. पुढे काय?

या आजारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. तीतील सदोष हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरणही लवकर होते, त्यातून विघातक मुक्त मूलके निर्माण होतात व पेशीचे आवरण झिजते, हे मात्र फारसे बोलले जात नाही. हाच 'ऑक्सिडीकरणाचा ताण'. तो कमी करणाऱ्या एल-ग्लुटामिन या औषधाला अमेरिकेने २०१७ साली सिकलसेलसाठी मान्यता दिली.

मग हा ताण मोजून उपचार ठरवावेत, असे कोणासही वाटेल. अडचण अशी की मुक्त मूलके क्षणार्धात नाहीशी होतात. मोजावी लागते ती त्यांनी केलेली नासधूस. स्निग्ध पदार्थ बिघडून मॅलोनडायआल्डिहाइड तयार होते आणि थायोबार्बिट्युरिक आम्लासह तापविल्यास गुलाबी रंग येतो. परंतु तसा रंग इतर द्रव्येही देतात. प्रयोगशाळा बदलली की आकडा बदलतो. प्राकृत मर्यादा कोणती, यावर एकमत नाही. शिवाय धडगाव-मोलगीहून निघालेला नमुना थंड राहिला नाही, तर ऑक्सिडीकरण नळीतही चालूच राहते. मग तो आकडा रुग्णाचा म्हणावा की घाटरस्त्याचा?

ज्या मोजमापाने निर्णय बदलत नाही, त्यावरील खर्च ही चैन होय. शहरांतील सुदृढांनी ती खुशाल करावी. नंदुरबारच्या रुग्णाला हवी आहे हायड्रॉक्सियुरियाची अखंड गोळी आणि तिच्यासोबत ठरावीक काळाने रक्तपेशींची साधी मोजणी. ही मोजणी डोस ठरविते, धोका वेळीच दाखविते. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला कार्ड दाखविताच तीच गोळी तेथेही मिळाली पाहिजे. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एवढा करार करणे अशक्य नाही.

ताणाचे संशोधन थांबवावे, असा याचा अर्थ नव्हे. ते नंदुरबारच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हावे, नमुना त्याच दिवशी तपासला जावा, आणि त्याचा निधी गोळ्यांच्या तरतुदीतून वळविला जाऊ नये.