धक्के सजले, जहाजे कोठे?

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे येणारा रस्ता कणकुंबी ओलांडला की चोर्ल्याच्या घाटाकडे वळतो. मलप्रभेचा उगम याच गावी. येथून समुद्र दिसत नाही, जहाजाचा भोंगा ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही. तथापि गोव्यातील पर्यटनाचा हंगाम कसा चालला आहे, हे ज्याला सरकारी आकड्यांवर विसंबून न राहता जाणून घ्यायचे असेल, त्याने एखादी रात्र कणकुंबीच्या रस्त्यावर काढावी. भाजी आणि दूध घेऊन घाट उतरणाऱ्या व मासळी घेऊन घाट चढणाऱ्या गाड्यांची वर्दळ त्याला पुष्कळ काही सांगून जाईल. याच रस्त्याने खानापूर तालुक्यातील तरुण गोव्याच्या हॉटेलांत कामास येतात आणि स्वयंपाकघरात दोन-चार वर्षे हात बसला की त्यांतील काहींची नजर बंदराकडे वळते. जहाजावरील नोकरी ही आता केवळ सासष्टी आणि बार्देशातील जुन्या तारवटी घराण्यांची वहिवाट राहिलेली नाही. म्हणूनच जर्मनीतील किंवा फ्रान्समधील एखाद्या गोदीत पर्यटकांचे नवे जहाज रखडले, तर ती बातमी परदेशी श्रीमंतांच्या चैनीची म्हणून सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

अशी जहाजे रखडतात आणि अलीकडे तर ती वारंवार रखडत आहेत. याचे ठळक उदाहरण म्हणजे 'ग्लोबल ड्रीम' या महाकाय जहाजाचे. जर्मनीतील विस्मार येथे २०१८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. नऊ हजारांहून अधिक उतारू नेण्याची त्याची योजना होती. महामारीने धंदा बसला, २०२२ च्या जानेवारीत गोदीचे आणि तिच्या मालकांचे दिवाळे वाजले आणि बहुतांशी पुरे झालेले ते धूड तसेच पडून राहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डिस्ने कंपनीने ते घेतले व त्याचे नाव 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर' ठेवले. सिंगापूरहून १५ डिसेंबर २०२५ रोजी त्याची पहिली सफर निघेल असे जाहीर झाले, तिकिटे विकली गेली आणि मग बांधणीतील अडचणींचे कारण देऊन १० मार्च २०२६ ही नवी तारीख देण्यात आली. जहाज एक, मालक दोन, नावे दोन आणि मुहूर्त किती, ते ज्याने त्याने मोजावे.

ही केवळ एका दुर्दैवी जहाजाची कहाणी नव्हे. जपानच्या मित्सुबिशीसारख्या मातब्बर कंपनीने नागासाकीत 'आयडाप्रिमा' बांधावयास घेतले. ते ठरलेल्या मुदतीनंतर वर्षभराने, २०१६ च्या मार्चात मालकाच्या हाती पडले आणि त्या व्यवहारात एवढी खोट आली की कंपनीने मोठ्या पर्यटन-जहाजांच्या वाटेलाच पुन्हा जायचे नाही असे ठरविले. पापेनबुर्गची मायर गोदी तर १७९५ पासूनची. तिच्याकडे कामाची वाण नव्हती, मागण्या भरपूर नोंदलेल्या होत्या. तरीही २०२४ च्या सप्टेंबरात जर्मन केंद्र सरकार आणि लोअर सॅक्सनी राज्य यांना चाळीस कोटी युरो ओतून तिचा सुमारे ८० टक्के हिस्सा आपल्याकडे घ्यावा लागला. हातात काम असताना गोदी बुडते कशी, असा प्रश्न वाचकांस पडेल. येथेच या धंद्यातील खरी मेख आहे. जहाजाची किंमत करार होतो त्या दिवशी ठरते. तिचा साधारण पाचवा हिस्सा बांधणीच्या काळात मिळतो आणि उरलेले चार हिस्से जहाज ताब्यात दिल्यावर. महामारीपूर्वी ठरलेल्या किमतीत महामारीनंतरचे, आणि युक्रेनच्या युद्धानंतरचे, पोलाद व वीज घ्यावी लागली. मधल्या काळातील सारा भार गोदीने कर्जावर पेलावयाचा. अशा स्थितीत खोल्यांची सजावट करणारा एखादा उपकंत्राटदार जरी मागे पडला, तरी ताबा लांबतो, ताबा लांबला की पैसा लांबतो आणि पैसा लांबला की पुढील जहाजाचे काम अडते. शिवाय एवढी मोठी जहाजे बांधणाऱ्या गोद्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. इटलीतील फिनकांतिएरी, फ्रान्समधील सें-नाझेर, आणि जर्मनी व फिनलंड येथील मायर यांच्यापाशी या दशकाच्या अखेरपर्यंतच्या आणि त्यापुढीलही मागण्या नोंदलेल्या आहेत. एकीकडून वेळ टळली म्हणून दुसरीकडे जावे, अशी सोयच नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. २०१९ मध्ये मुंबईहून मोठ्या गाजावाजाने निघालेली 'कर्णिका' १९९० साली इटलीत बांधलेली होती. ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्यांतून सुटल्यावर ती आपल्याकडे आली आणि वर्ष-दीड वर्षातच, २०२० च्या अखेरीस, अलंगच्या भंगार किनाऱ्यावर चढली. २०२१ पासून मुंबई-गोवा फेऱ्या करणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हेही १९९० चेच, सें-नाझेरच्या गोदीतले. याच कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या करारानुसार 'नॉर्वेजियन स्काय' २०२६ मध्ये आणि 'नॉर्वेजियन सन' २०२७ मध्ये भाड्याने येणार असे ठरले. ही जहाजे अनुक्रमे १९९९ आणि २००१ सालची. त्यांतही 'स्काय'ची जन्मकथा मनोरंजक आहे. 'कोस्टा ऑलिंपिया' या नावाने ब्रेमेर वुल्कान गोदीत तिचा सांगाडा उभा राहिला, १९९६ मध्ये ती गोदी बुडाली, आणि पडून राहिलेल्या त्या सांगाड्याचे जहाज दुसऱ्या मालकाने दुसऱ्या गोदीकडून तीन वर्षांनी पुरे करून घेतले. रखडलेले जहाज म्हणून जन्मास आलेली ही बोट आपल्या वाट्यास नवी म्हणून यावी, यातच आपली स्थिती स्पष्ट व्हावी.

थोरल्याचा सदरा धाकट्यास येतो, तशी ही जहाजे आपल्यापर्यंत येतात. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. जुने जहाज नीट राखले तर चांगली चाकरी करते. पण थोरल्याला नवा सदरा मिळेपर्यंत धाकट्याने थांबावयाचे असते, हे मात्र विसरता येत नाही. युरोपातील नवे जहाज वर्षभर लांबले तर तेथील कंपनी आपले जुने जहाज वर्षभर सोडीत नाही, किंवा सोडले तरी चढ्या भाड्याने सोडते. म्हणजे विलंबाची पहिली झळ तेथील भागधारकांस लागत असली, तरी शेवटची झळ आपल्या बंदरांस लागते.

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले आणि २०२९ पर्यंत या उतारूंची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. मुंबईत वर्षाला दहा लाख उतारूंची सोय करणाऱ्या नव्या धक्क्याचे उद्‌घाटन २०२५ च्या सप्टेंबरात झाले. धक्के हवेतच, त्यांविषयी आमची तक्रार नाही. परंतु उतारू धक्क्यावर बसून समुद्रपर्यटन करीत नाहीत. जहाजे कोठून, केव्हा आणि कोणत्या भाड्याने मिळणार, याचा हिशेब या योजनांत जेवढ्या ठळकपणे दिसावयास हवा तेवढा दिसत नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' यांच्या फेऱ्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडल्या, तेव्हाही मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील धक्के जागच्या जागीच होते. नव्हत्या त्या बोटी. ज्यांनी डेकवर पथारी टाकून तो प्रवास केला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

येथेच बांधा, असे म्हणणे सोपे आहे. वास्कोची गोवा शिपयार्ड कुशल आहे. तिने बांधलेली 'त्रिपुट' ही फ्रिगेट २०२४ च्या जुलैत आणि 'तवस्य' २०२५ च्या मार्चात पाण्यात उतरली. पण त्या नौकांचा आराखडा रशियाचा, इंजिने युक्रेनची आणि युद्ध त्या दोघांत. याच जातीच्या, रशियात बांधल्या जाणाऱ्या 'तुशील' आणि 'तमाल' या नौकांना त्यामुळे किती उशीर झाला हे सर्वविदित आहे. जहाज कोठेही बांधा, त्याचे अवयव दहा देशांतून येतात. तेव्हा तीन हजार उतारूंच्या तरंगत्या महालाचे स्वप्न बाजूस ठेवून, मुंबई-मालवण-पणजी अशा फेऱ्यांस पुरेल अशा लहान उतारू बोटींपासून आपल्या गोद्यांनी प्रारंभ करावा, असे आम्हांस वाटते. त्यात झगमगाट नाही, पण बोट वेळेवर मिळण्याचा संभव अधिक आहे.

राहिला प्रश्न माणसांचा, आणि आमच्या दृष्टीने तोच मुख्य आहे. 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर'सारख्या एका जहाजावर सुमारे अडीच हजार कर्मचारी लागतात. हॉटेल विभागातील पोरांची नोकरी सहसा सहा ते नऊ महिन्यांच्या कराराची असते आणि दोन करारांच्या मधल्या काळात बहुधा पगार नसतो. नव्या जहाजावर जाणाऱ्याने आधी सुरक्षेचे अभ्यासक्रम करावयाचे, वैद्यकीय तपासणी करावयाची, सीडीसी आणि व्हिसा मिळवावयाचा, या सर्वांस पैसे घालावयाचे आणि मग 'जॉइनिंग'ची तारीख येण्याची वाट पाहावयाची. जहाज तीन महिने लांबले म्हणजे गोदीच्या ताळेबंदात एक ओळ वाढते, पण त्या पोराच्या घरी सोसायटीचे हप्ते थकतात. हॉटेलातील जुनी नोकरी त्याने सोडलेली असते आणि तीवर दुसरा लागलेला असतो. चतुर्थीस घरी आलेला मुलगा दिवाळी उलटून गेली तरी घरीच दिसू लागला की गाव विचारू लागतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणे आईबापांस जड जाते. २०२० साली जगभरची जहाजे थांबली तेव्हा आपल्या हजारो तारवट्यांनी हे भोगले. तेव्हाचे संकट आभाळातून पडलेले होते. गोदीतला विलंब आभाळातून पडत नाही, तो कंपनीला महिनोन्‌महिने आधी दिसत असतो.

कणकुंबीला रखडलेल्या कामांची ओळख नवी नाही. कळसा नाल्याचे पाणी वळविण्याचे काम कर्नाटकाने तेथे २००६ मध्ये सुरू केले. ते रखडले याचे गोमंतकीयांस दुःख नाही आणि आम्हांसही नाही. काही कामे रखडलेलीच बरी असतात. असो.

सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेण्यास त्या करारान्वये बंदी आहे. त्याच न्यायाने आणखी एक पाऊल टाकता येईल. भरती करणाऱ्या परवानाधारक कंपनीने नेमणूकपत्रात रुजू होण्याची तारीख घालावी, आणि जहाजाच्या विलंबामुळे ती टळल्यास ठरावीक दिवसांनंतर मूळ पगाराचा काही भाग देण्याचे बंधन तिच्यावर असावे. नौवहन महासंचालनालयाने मनावर घेतले तर हे अशक्य नाही. विमा उतरविता येतो, खर्च जहाज कंपनीकडून वसूल करता येतो. गोवा सरकारनेही अनिवासी भारतीयांसाठी असलेल्या आपल्या आयुक्तालयात एवढी नोंद ठेवावी की कोणत्या जहाजासाठी किती मुलांची निवड झाली आणि त्यांतील किती जण अद्याप घरी बसून आहेत. या नोंदीत खानापूर आणि सावंतवाडीकडील मुलांनाही जागा असावी, कारण गोव्याच्या हॉटेलांतून जहाजावर जाणाऱ्या मुलाचे रेशनकार्ड कोणत्या राज्याचे आहे, हे जहाजाचा कप्तान विचारीत नाही.